गिलाव्याच्या आत

दगडी भिंतीला भोक पाडायचं काम मी उमरगा तालुक्यात शिकलो. १९९५ साल होतं. डिग्री हातात पडून दीड वर्ष झालेलं, आणि भूकंपानंतरच्या घरदुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात इंजिनिअर म्हणून कंत्राटी नेमणूक मिळालेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला चार मिनिटं कमी असताना, किल्लारीची जमीन हलली होती. गणपती बोळवून दमलेली माणसं घराघरांत झोपली होती. मधली बावन्न गावं नंतर दुसऱ्या जागी वसवली गेली. आमच्याकडे आली होती त्या पट्ट्याबाहेरची गावं, जिथली घरं तडकली होती पण उभी होती.

त्या भागातल्या भिंती बाहेरून बघितल्या तर गढीच्या वाटाव्यात. दोन-अडीच फूट जाड, काळ्या दगडाच्या. पण एक भिंत उसवून आत पाहिलं की पोटात कालवतं. ती एक भिंत नसतेच. बाहेरचा एक थर, आतला एक थर, आणि मध्ये दगडांच्या कपऱ्या नि माती भरलेली. दोन्ही थरांना एकमेकांशी बांधणारं काही नाही. वर माळवद : तुळया, त्यावर लाकूड, त्यावर मातीचा थर. गळायला लागलं की पावसाळ्याआधी आणखी माती टाकायची, म्हणजे वर्षावर्षाला वजन वाढत जायचं. जमीन हलली की भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटतात, फुगतात, आणि ती सगळी माती खाली येते. किल्लारीत माणसं प्रामुख्याने मातीखाली आणि दगडाखाली गुदमरून गेली.

यावरचा उपाय जुन्या गवंड्यांना ठाऊक होता : भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड, हेडर. आयएस १३८२८ हे मानक १९९३ सालचंच आहे. त्यात म्हटलंय की असे आरपार दगड आडव्या अंगाने जास्तीत जास्त १.२ मीटरवर आणि उभ्या अंगाने ०.६ मीटरवर हवेत. आमच्या गावांतल्या भिंतींत ते जवळजवळ कुठेच नव्हते. म्हणून आम्ही भिंतीतले दगड हलक्या हाताने काढून आरपार भोक पाडायचो, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवायचो आणि काँक्रीट भरायचो. घण मारायचा नाही, पहारीने हळूहळू दगड हलवत न्यायचा. एका भोकाला कधी कधी अर्धा दिवस जाई. मग वरून गिलावा झाला की हेडर कुठे आहे, आहे की नाही, हे कुणालाही कळायचं नाही.

पैसे हप्त्याने मिळत. काम झाल्याचं मी लिहून दिलं की पुढचा हप्ता सुटे. माझं वय तेव्हा चोवीस होतं.

लोकांना ही दुरुस्ती फारशी नकोच होती. दगडाची धास्ती बसली होती. अंगणात पत्र्याची एक खोली उभी करावी आणि त्यात झोपावं, एवढंच त्यांना हवं होतं. चूक म्हणता येणार नाही. ज्यांनी दगडाखालून माणसं उपसली, त्यांना 'भिंत आता पक्की झाली' असं कागदावरून कसं पटवणार? एका घरी बारा हेडर धरले होते, पाच झाले होते. घरातले आजोबा मला ओसरीवर बसवून म्हणाले, बाराचं लिहा, उरलेल्या पैशात मी पत्रे आणतो. मी गप्प. मग ते म्हणाले, "आत काय हाय ते कुणाला दिसूलालंय, सायेब?"

त्यात लबाडी नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. घर त्यांचं, मदत त्यांच्या नावाची, जीवही त्यांचा. मी पेन काढलं होतं. पण आत तुळईला झोळी बांधलेली होती आणि त्यात बाळ होतं. त्यांची सून काही त्या बोलण्यात नव्हती. पुढे लग्न होऊन त्या घरात येणाऱ्या मुली नव्हत्या, दिवाळीला येणारे पाहुणे नव्हते. घर आजोबांचं असलं तरी त्या भिंतीखाली जितकी माणसं झोपणार होती तितक्यांच्या वतीने त्यांना बोलता येत नव्हतं, आणि मला तर मुळीच नाही. मी सही केली नाही. आजोबा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. नंतर काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी गवंडी बोलावला आणि उरलेली सात भोकं पाडली. मी तीन दिवस तिथे बसून होतो. शेवटच्या दिवशी त्यांनी ताटात भाकरी वाढली.

मला वाटलं, हे आपल्याला जमलं. जमलं नव्हतं, ते तीन वर्षांनी कळलं.

तोपर्यंत मी मुंबईजवळच्या एका शहरात स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या ऑफिसात लागलो होतो. सर कोयनेचा भूकंप पाहिलेल्या पिढीतले, कमी बोलणारे. आमच्याकडे एका सात मजली इमारतीचं काम होतं. प्रत्येक मजल्यावर दोन, अशा चौदा बाल्कन्या, भिंतीपासून १.२ मीटर बाहेर आलेल्या. बाल्कनीला खालून आधार नसतो. घराच्या आतल्या स्लॅबमध्ये ताण खालच्या अंगाला पडतो म्हणून मुख्य सळई खाली असते, बाल्कनीत ताण वर पडतो म्हणून सळई वर हवी. हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही माहीत असतं. पण स्लॅब भरताना डोक्यावर घमेली घेतलेले बिगारी त्याच जाळीवरून चालतात. खाली सळईच्या खुर्च्या लावलेल्या नसतील तर त्यांच्या पायाखाली जाळी दबत जाते, आणि वर हवी ती सळई मध्ये किंवा तळाला जाऊन बसते. काँक्रीट पडल्यावर सगळं सपाट, सारखं, सुंदर दिसतं.

त्या इमारतीवर एका रविवारी स्लॅब भरायचा होता. जाळी तपासायला मी जायचं होतं. धाकट्या बहिणीचा साखरपुडा होता, मी सांगलीला गेलो. तिथून फोन करून सुपरवायझरला विचारलं, खुर्च्या लावल्यात ना? लावल्या म्हणाला. सोमवारी परतलो आणि तपासणीच्या कागदावर सही केली, रविवारची तारीख घालून.

चार महिन्यांनी इमारत पुरी होत आली तेव्हा दोन बाल्कन्यांत, भिंतीलगत वरच्या बाजूला, केसाएवढी भेग दिसली. बिल्डरचं म्हणणं, भेग भरून वर फरशी बसवू, पंधरा दिवसांत ताबा द्यायचाय. सर स्वतः गेले. एका बाल्कनीच्या मुळाशी फूटभर काँक्रीट फोडायला लावलं. १२५ मिलिमीटर जाडीच्या स्लॅबमध्ये सळई वरून २५ मिलिमीटरवर हवी होती, ती ७५ वर सापडली. पन्नास मिलिमीटर म्हणजे तीन बोटं. पण तेवढ्यात बाल्कनीची ताकद जवळपास निम्मी झाली होती. हिशेबात आम्ही अडीअडचणीसाठी जे जादा बळ राखून ठेवतो ते सगळं त्या तीन बोटांत संपलं होतं. मिरवणूक बघायला पंधरा माणसं रेलून उभी राहिली असती, तर?

सरांनी ऑफिसात येऊन फाइल मागितली. माझी सही पाहिली, तारीख पाहिली. "रविवारी तू कुठे होतास?" "सांगलीला." त्यांनी फाइल मिटली आणि बिल्डरला फोन लावला. सगळ्या बाल्कन्या तपासा, जिथे सळई खाली असेल ती तोडून पुन्हा करा, आणि आमच्या माणसाने जागेवर न जाता सही केली होती हेही सांगतो. हे ते माझ्यासमोर बोलले. नंतर त्याबद्दल मला ते एक शब्दही बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, नंतरही कधी नाही.

चौदापैकी नऊ बाल्कन्या तोडाव्या लागल्या. आमची शेवटची फी बुडाली, त्या बिल्डरचं काम पुन्हा आलं नाही. मी रोज जागेवर उभा राहून ब्रेकरचा आवाज ऐकत होतो. उमरग्याच्या आजोबांना मी जे नाकारलं होतं, नेमकं तेच मी इथे स्वतःला देऊन टाकलं होतं. तिथे निदान बाळ समोर दिसत होतं. इथे त्या बाल्कन्यांत उभं राहणारं माणूस अजून राहायलाच आलं नव्हतं.

काही दिवसांनी सरांनी माझ्या टेबलावर झेरॉक्स ठेवली. १९९५ मध्ये 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात आलेला लेख, विल्यम लमेझरियर या स्ट्रक्चरल इंजिनिअरबद्दलचा. न्यूयॉर्कमधली सिटीकॉर्प ही ५९ मजली इमारत त्यांनी उभी केली होती. जागेच्या एका कोपऱ्यात चर्च होतं, म्हणून इमारतीचे उंच खांब कोपऱ्यांना न घेता चारही बाजूंच्या मधोमध घेतलेले. बांधताना पोलादाचे सांधे वेल्डिंगऐवजी बोल्टने जोडले गेले, आणि तिरक्या वाऱ्याचा जोर त्या सांध्यांवर किती वाढतो हे १९७८ साली, लोक त्यात कामाला येऊ लागल्यावर, लमेझरियर यांच्या ध्यानात आलं. त्यांनी ते लपवलं नाही. स्वतः जाऊन मालकांना सांगितलं. मग रोज रात्री, ऑफिसं सुटल्यावर, वेल्डर आत जाऊन सांध्यांवर पोलादी पट्ट्या जोडत राहिले. आमच्या क्षेत्रात हा लेख आदर्श म्हणून वाचतात, आणि तो धीर खरोखरच मोठा आहे. पण आत काम करणाऱ्यांना आणि आजूबाजूला राहणाऱ्यांना कुणी काही सांगितलं नाही. त्या दिवसांत शहरातल्या वर्तमानपत्रांचा संप होता, त्यामुळे बातमीही झाली नाही. जवळजवळ सतरा वर्षं लोकांना पत्ता नव्हता. झेरॉक्सच्या समासात, त्या परिच्छेदाशेजारी, सरांनी लाल पेन्सिलीने एकच शब्द लिहिला होता : 'रहिवाशांना?'

आमच्या इमारतीतही तेच झालं. सरांनी बिल्डरला लेखी कळवलं, महापालिकेला प्रत दिली. घरं घेतलेल्यांना मात्र 'वॉटरप्रूफिंगमुळे उशीर' एवढंच कळलं. मला खरं माहीत होतं. मी त्यांना सांगितलं नाही. बाल्कन्या नव्याने, माझ्या डोळ्यांसमोर, खुर्च्या मोजून झाल्या. धोका उरला नाही. तरी आपण आयुष्यभराची कमाई घालून घेतलेल्या घराबद्दल काय घडलं, हे कळायचा त्यांचा हक्क होता. ते न सांगणं आजही मला नीट झोपू देत नाही.

डॉक्टरला मेडिकल कौन्सिल आहे, वकिलाला बार कौन्सिल आहे, आर्किटेक्टसाठी १९७२ चा कायदा आहे. इंजिनिअरची नोंदणी करून त्याला जाब विचारणारा तसा देशव्यापी कायदा मी हे लिहितो आहे तोवर झालेला नाही. महापालिका आपापल्यापुरतं लायसन्स देतात. डॉक्टरचा पेशंट निदान त्याच्यासमोर बसलेला असतो. आमची फी देणारा एक, आणि आमच्या हिशेबावर जीव टाकून चालणारे हजार, त्यांतल्या एकालाही आमचं नाव ठाऊक नाही. माझ्या मते म्हणूनच आम्हाला कायदा जास्त कडक हवा. एवढी वर्षं तो नसताना आम्ही निवांत राहिलो, याची मला लाज वाटते.

पुढे मी स्वतःचं ऑफिस काढलं, आणि हळूहळू जुन्या इमारतींच्या स्ट्रक्चरल ऑडिटकडे वळलो. तीस वर्षं झालेल्या इमारतीचं ऑडिट आता कायद्याने करावं लागतं. हातोडीच्या उसळीवरून काँक्रीटचा टणकपणा मोजायचा, आवाजाच्या लहरी आरपार सोडून आत पोकळी आहे का ते पाहायचं, आणि ताज्या फोडलेल्या जागेवर फिनॉल्फथॅलिनचे थेंब टाकायचे. काँक्रीट निरोगी असेल तर जागा गडद गुलाबी होते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्यातला अल्कधर्म मारला असेल तर रंग येत नाही. तिथली सळई उघडी पडल्यासारखीच. ती गंजते, फुगते आणि वरचं काँक्रीट ढकलून देते. मग अहवालात एक शेरा लिहायचा. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडा. सी-२ए, सी-२बी म्हणजे दुरुस्ती, पहिल्यात माणसं हलवून, दुसऱ्यात न हलवता. सी-३ म्हणजे किरकोळ.

१४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसबाहेरचा पादचारी पूल रस्त्यावर कोसळला. कामावरून घरी निघालेली माणसं गेली. काही महिन्यांपूर्वीच्या ऑडिटमध्ये तो किरकोळ दुरुस्ती करून वापरण्याजोगा ठरलेला होता. त्या रात्री मी कपाटातून माझे जुने अहवाल काढले आणि पहाटेपर्यंत वाचत बसलो. 'दिसण्यात ठीक' हे शब्द किती ठिकाणी लिहिलेत ते मोजलं. सतरा. त्यातल्या प्रत्येक इमारतीत पुढच्या दोन महिन्यांत पुन्हा गेलो, फी न घेता, आणि जे डोळ्याने पाहिलं होतं ते फोडून पाहिलं. दोन ठिकाणी मला माझं मत बदलावं लागलं.

खोटं दोन्ही अंगांनी लिहून मागतात, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. ठाण्यातल्या एका इमारतीच्या मालकाला सी-१ हवा होता. जुने भाडेकरू काढायचे, जागा मोकळी करायची. मी तपासलं तर खांबांत सळईभोवती गुलाबी रंग छान येत होता. सी-२बी लिहिला. मालकाने दुसरीकडून सी-१ आणला. तिथल्या सोळा कुटुंबांना 'इमारत पडणार' म्हणून घाबरवून बाहेर काढणं आणि पडणाऱ्या इमारतीला ठीक म्हणणं, या दोन्हींत मला फरक दिसत नाही. काँक्रीटच्या नावाने खोटं बोललं की त्याची किंमत नेहमी तिथे राहणाराच मोजतो.

उलटी गोष्ट ठाण्यातल्याच दुसऱ्या एका इमारतीची. तळमजल्याच्या खांबांना सोसायटीने दरवर्षी गिलावा मारून रंग दिलेला, दिसायला चकचकीत. मी गिलावा काढला. आत रिंगा उरल्याच नव्हत्या, उभ्या सळया पापुद्र्यांनी सुटत होत्या. रहिवासी हात जोडत होते, निदान सी-२ए लिहा, दुरुस्तीच्या नावाने दोन वर्षं काढू, आम्ही जायचं कुठे? पहिल्या मजल्यावरच्या एक आजी जिना उतरून माझ्यापाशी आल्या. मी त्यांना खांबाजवळ नेलं आणि म्हणालो, बोट लावून बघा. त्यांनी सळईवर बोट फिरवलं. लाल पापुद्रा बोटावर आला. त्या काही न बोलता वर गेल्या. मी सी-१ लिहिला. जूनआधी इमारत रिकामी झाली, पुढच्या हिवाळ्यात पाडली. ती जागा अजून तशीच पडून आहे, आत बाभळी वाढल्यात.

गेल्या पावसाळ्यात माझ्या ऑफिसातली एक मुलगी, तेवीस वर्षांची, फोन घेऊन माझ्यापुढे आली. आता साइटवरून सळईचे फोटो व्हॉट्सअॅपवर येतात, आणि पुष्कळ ऑफिसांत त्यावरच स्लॅब भरायला परवानगी देतात. तिच्याकडे पाचव्या मजल्याचा फोटो आला होता, खुर्च्या नीट लावलेल्या. ती म्हणाली, "सर, ही निळी चप्पल बघा." जाळीच्या कडेला एक निळी स्लिपर पडलेली होती. तिने तीन आठवड्यांपूर्वीचा तिसऱ्या मजल्याचा फोटो काढून दाखवला. तीच चप्पल, तशीच उपडी. मी काही सांगायच्या आत तिने छत्री उचलली होती. त्या दिवशी स्लॅब भरला गेला नाही. मी तिला सांगलीची गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच कुणाला तरी सगळी सांगितली.

सळईवर बोट फिरवणाऱ्या त्या आजी आता बदलापूरला भाच्याकडे राहतात. परवा त्या बाजूला काम होतं म्हणून मुद्दाम गेलो. दाराशी ओळखलं त्यांनी. चहा ठेवला. भाच्याच्या घरात त्यांचा पलंग पॅसेजमध्ये आहे, कपड्यांची पेटी पलंगाखाली. ठाण्याच्या शेजारणी आता फोनवरच, म्हणाल्या, आणि त्यांतल्या दोघी गेल्यासुद्धा.

मग कपबशी हातात देताना त्यांनी विचारलं, "खरं सांगा हं मला. पडली असती का हो?"

मी म्हणालो, "कधी पडली असती ते मला सांगता येत नाही, आजी. कदाचित पाच वर्षं उभी राहिलीही असती."

त्या जरा वेळ उजव्या हाताचं बोट अंगठ्याने चोळत राहिल्या. "दोन दिवस निघत नव्हता तो लाल रंग," म्हणाल्या, आणि मला आणखी चहा ओतला.